मार्मोसेटचें गोत्र

शब्द कानाला ओळखीचा वाटला कीं त्याचें गोत्र आपलेंच, असें ठरवून मोकळें होण्याची आपल्या सुशिक्षित वर्गाला फार जुनी हौस आहे. इंग्रजी कोशांत 'मार्मोसेट' या नांवाचें एक लहानसें माकड भेटतें, भेटल्याबरोबर आपल्यांतील कोणी तरी हर्षभरानें म्हणतो, "अहो, हा तर आपला मर्कट!" त्याच पानांत 'मकाक' हें दुसरें नांव पुढें आलें कीं ही खात्री दुणावते, कारण 'माकड' आणि 'मकाक' यांचें साम्य शेंबड्या पोरालाही दिसावें असें आहे. मग एवढ्या दोन शब्दांच्या बळावर युरोपाच्या प्राणिशास्त्राला नांवें आपण पुरविलीं, हा सिद्धांत चहाच्या पेल्याबरोबर तयार होतो, आणि दुसऱ्या दिवशीं घरांतल्या मुलांच्या कानांवर तो ज्ञान म्हणून पडतो.

ही हौस निरुपद्रवी समजून सोडून द्यावी, असें पुष्कळांना वाटतें. आम्हांला तसें वाटत नाहीं. सात समुद्रांपलीकडच्या माकडाच्या नांवांत ज्याला स्वतःची भाषा दिसते, त्याला घराच्या कौलांवर बसलेल्या प्राण्याचें स्वतःच्या भाषेंतलें नांव बहुधा धड घेतां येत नाहीं. आणि हे दोन्ही दोष एकाच मुळाचे आहेत. आपण नांव तेवढें ऐकतों. ज्याचें तें नांव आहे त्याच्याकडे पाहत नाहीं. प्रस्तुत लेख या न पाहण्याविरुद्ध आहे.

प्रथम हा मार्मोसेट कोण, तें पाहूं. नरवानर गणांतील हा प्राणी दक्षिण अमेरिकेंतला. त्याच्या बहुतेक जाती ब्राझिलच्या अरण्यांत आढळतात. सर्वसामान्य मार्मोसेटचें वजन तीन-चारशें ग्रॅमच्या आंतबाहेर असतें. बुटका मार्मोसेट तर सव्वाशें ग्रॅमच्या आसपासच भरतो, आणि जगांतलें सर्वांत लहान माकड तेंच. कानांवर पांढऱ्या केसांचे झुबके, लांब शेपटीवर वलयें, आणि पायाचा अंगठा सोडल्यास इतर बोटांना चपट्या नखांऐवजी खारीसारख्या टोकदार नख्या, असें सर्वसामान्य जातीचें रूप आहे. मादीला बहुधा जुळीं होतात, आणि त्यांना पाठीवर वाहण्याचें काम एकट्या आईवर पडत नाहीं. बाप आणि थोरलीं भावंडें तें वांटून घेतात. खालच्या दातांनीं झाडाची साल कोरावी आणि त्या खांचेंत जमणारा डिंक चाटावा, हा या प्राण्याच्या निर्वाहाचा एक मोठा भाग आहे. डिंकाची ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. पुढें तिचें काम पडणार आहे.

आतां नांवाकडे वळूं. 'मर्कट' हा शब्द युरोपांत जाऊन 'मार्मोसेट' झाला असें म्हणणारानें तीन प्रश्नांचीं उत्तरें दिलीं पाहिजेत. तो केव्हां गेला? कोणत्या वाटेनें गेला? आणि वाटेंत त्याच्या उच्चारांत जे बदल झाले म्हणतां, ते दुसऱ्या कोणत्या शब्दांत झालेले दाखवितां येतात काय? या तिन्ही प्रश्नांपुढें मर्कटवादी निरुत्तर होतो. काळाचें पाहा: इंग्रजींत हा शब्द चौदाव्या शतकाच्या अखेरीस आढळतो, आणि पोर्तुगीजांचीं गलबतें ब्राझिलच्या किनाऱ्याला लागलीं तीं १५०० सालीं. म्हणजे ज्या प्राण्याला आज हें नांव आहे, त्या प्राण्याची युरोपाला ओळख होण्यापूर्वीं शंभर वर्षें हा शब्द वापरांत होता. तेव्हां तो कोणत्याही लहान माकडाला लावीत. वाटेचें पाहा: आपल्याकडचे शब्द त्या काळीं पश्चिमेकडे जात ते बहुधा फारशी-अरबींतून. पण फारशींत माकडाला 'मैमून' म्हणतात आणि अरबींत 'किर्द'. मर्कटाचें पाऊल त्या वाटेवर कोठेंच उमटलेलें नाहीं. उच्चाराचें पाहा: मर्कटांतला 'क' कोठें गेला आणि मार्मोसेटमधला दुसरा 'म' कोठून आला, याचें उत्तर कोणाजवळ नाहीं.

खरी व्युत्पत्ति कशी असते, हें पाहण्यासाठीं परदेशीं जाण्याचें कारण नाहीं. संस्कृत 'मर्कट', प्राकृत 'मक्कड', मराठी 'माकड' ही परंपरा पाहा. 'र्क'चा 'क्क' झाला, जोडाक्षर सुटतांना मागचा स्वर दीर्घ झाला, आणि शेवटच्या 'ट'चा 'ड' झाला. हा बदल या एका शब्दापुरता केलेली सवलत नव्हे. 'कर्ण'चा 'कण्ण' होऊन 'कान' झाला, 'सर्प'चा 'सप्प' होऊन 'साप' झाला, 'कर्म'चें 'कम्म' होऊन 'काम' झालें, 'घोटक'चा 'घोडा' झाला. नियम एक, आणि त्याला साक्षीदार अनेक. व्युत्पत्तिशास्त्र या साक्षीपुराव्यावर उभें आहे. कानाला गोड लागणाऱ्या योगायोगावर नव्हे.

आणि 'मकाक'? तो शब्द पोर्तुगीजांनीं आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर कांगोच्या बाजूच्या बांटू भाषांतून उचलला. 'मकाकू'सारख्या रूपांतून त्यांचा 'मकाको' झाला, फ्रेंचांचा 'मकाक' झाला, आणि अठराव्या शतकाच्या शेवटीं शास्त्रीय नामावळींत जाऊन बसला. आपल्या 'माकडा'शीं त्याचें रूप जुळतें, पण रक्ताचें नातें नाहीं. दोन गांवीं दोन माणसांचीं तोंडें सारखीं असलीं म्हणून त्यांचा बाप एक ठरत नाहीं, एवढें व्यवहारज्ञान आपणांस आहे. तें शब्दांच्या बाबतींतच कां सुटावें?

मग मार्मोसेट आला कोठून? जुन्या फ्रेंचांत 'मार्मुझे' म्हणजे वेडीविद्री लहान मूर्ति. कारंज्यांवर, देवळांच्या भिंतींवर, खांबांच्या माथ्यावर बसविलेलें वेडावणारें बाहुलें. पुढें ठेंगण्या, हास्यास्पद माणसाला आणि पोराटोरांनाही तो शब्द लावूं लागले. सहावा चार्ल्स या फ्रेंच राजानें १३८८ सालीं राज्यकारभार आपल्या हातीं घेऊन बापाच्या वेळचे जे मंत्री परत आणले, त्यांना राजाचे चुलते आणि इतर बडे सरदार 'मार्मुझे' म्हणून हिणवीत. १३९२ सालीं राजाला वेड लागलें आणि या मंत्र्यांचें आसन गेलें, पण इतिहासांत त्यांचें तें टोपणनांव कायम राहिलें. या शब्दाचें मूळ पुटपुटणें, तोंडांतल्या तोंडांत बडबडणें या अर्थाच्या एका ध्वन्यनुकारी धातूंत असावें, असें बहुतेक कोशकारांचें मत आहे. तेंच बरोबर धरलें तर मार्मोसेट म्हणजे 'पुटपुट्या'. आधीं पुटपुट्या, मग वेडीविद्री मूर्ति, मग वेडावणारें माकड, आणि सर्वांच्या शेवटीं ब्राझिलचा हा झुबकेदार कानांचा जीव, अशी या नांवाची वंशावळ आहे. तींत मर्कटाला कोठेंही जागा नाहीं.

व्युत्पत्तीची ही खोटी हौस फक्त आपल्याकडेच आहे असें मात्र नव्हे. पॅरिसमध्यें 'मार्मुझें'च्या नांवाचा एक रस्ता होता. मध्ययुगांतल्या लेखनिकांना तें नांव लॅटिनमध्यें लिहावयाचें होतें; त्यांनीं संगमरवरवाचक 'मार्मोर' शब्दाशीं जुळणारें एक भारदस्त रूप बनविलें, आणि पुढें पंडितांनीं त्याच रूपाचा आधार घेऊन 'मार्मुझे' म्हणजे मूळची संगमरवरी मूर्ति, असें प्रतिपादन केलें. गांवढळ शब्दाला अभिजात कुळांत दत्तक देण्याचा हा खटाटोप आपल्या मर्कटवाद्यांच्या खटाटोपाचाच भाऊ आहे. इकडे संस्कृत, तिकडे लॅटिन, एवढाच काय तो फरक.

या नामकरणांत खरा अन्याय झाला तो दुसऱ्याच कोणावर. ब्राझिलच्या तुपी लोकांजवळ या प्राण्यासाठीं स्वतःचा शब्द होता. त्यावरूनच आज ब्राझिलच्या पोर्तुगीजींत त्याला 'सागुई' म्हणतात. त्याच्या जवळच्या नातलगाचें 'टॅमरिन' हें नांवही गियानाच्या मूळ रहिवाशांच्या भाषेंतून फ्रेंचांनीं घेतलें. ज्यांच्या डोळ्यांपुढें हा प्राणी पिढ्यान्‌पिढ्या वावरला, त्यांनीं दिलेलें नांव इंग्रजांनीं बाजूला ठेवलें, आणि आपल्या देवळावरच्या बाहुल्याचें उरलेलें नांव त्याच्या अंगावर टाकलें. आपण ज्या नांवावर मालकी सांगण्यासाठीं धडपडतों, तें नांव असें उष्टें आहे.

स्वभाषेचा अभिमान बाळगूंच नये काय, असें कोणी विचारील. अवश्य बाळगावा, पण खऱ्या गोष्टीचा बाळगावा. इंग्रजींत सापाच्या वैऱ्याला 'मोंगूस' म्हणतात, तो शब्द मराठी 'मुंगूस'च होय. पोर्तुगीजांच्या हातून तो तिकडे गेला आणि जगभर पसरला. येथें काळ जुळतो, वाट जुळते, उच्चार जुळतो आणि प्राणीही तोच आहे. गंमत अशी, कीं या खऱ्या देणगीचें स्मरण कोणाला होत नाहीं. कारण उघड आहे. 'मुंगूस' हा शब्द संस्कृतांतला नव्हे. संस्कृतांत त्याला 'नकुल' म्हणतात, आणि मुंगसाचें कूळ शोधूं गेल्यास तेलुगूच्या बाजूला, द्राविडी भाषांकडे जावें लागतें. रानांतल्या माणसाचा, शेतकऱ्याचा तो शब्द आहे. आपला अभिमान भाषेचा असता तर मुंगसावर आपण प्रेम केलें असतें; तो भारदस्तपणाचा आहे, म्हणून मर्कट हवा होतो.

आतां हा वाद घरीं आणूं, आणि तोही अशा ठिकाणीं, जेथें माकडें, डिंक आणि नांवांचीं कोडीं हीं तिन्ही एकत्र नांदतात. महाराष्ट्राच्या ईशान्य कोपऱ्यांत गोंदिया जिल्हा आहे. १९९९ सालीं १ मे रोजीं भंडारा जिल्हा विभागून तो निराळा झाला. एका अंगाला बालाघाट, दुसऱ्या अंगाला छत्तीसगड. बाजारांत मराठी आणि हिंदी, घरांत पोवारी, आणि सालेकसा-देवरीकडच्या रानांत गोंडी. या गोंदियाच्या नांवाच्याही दोन व्युत्पत्ति सांगण्यांत येतात. एक अशी, कीं गोंडांचें म्हणून गोंदिया. दुसरी अशी, कीं रानांतून गोंद आणि लाख घेऊन लोक येथें विकावयास येत, म्हणून गोंदिया. दोन्ही गोष्टी सारख्याच ठामपणानें सांगितल्या जातात. आणि सांगणाराला जुना दाखला विचारला तर त्याच्या कपाळाला आंठी पडते. वस्तुतः ज्याला मराठींत आपण डिंक म्हणतों त्याला हिंदींत गोंद म्हणतात. तेव्हां दुसरी व्युत्पत्ति खरी ठरली तर हें नांव हिंदी बोलणाऱ्या व्यापाऱ्यांच्या तोंडचें, आणि पहिली ठरली तर रानांतल्या मूळ रहिवाशांवरून पडलेलें. निवाडा कागदपत्रांनीं व्हावयाचा आहे, अभिमानानें नव्हे. नाहीं तर डिंक खाणारा मार्मोसेट मूळचा गोंदियाचाच, म्हणून त्याच्यावरही हक्क सांगणारा एखादा संशोधक उद्यां निघेल. आणि मर्कटवाद्यांच्या तर्कशास्त्रानें पाहिलें तर त्याचें कांहीं चुकलें असें म्हणतां येणार नाहीं!

गोंदियाच्या रानांत मार्मोसेट नाहीं. तेथें जे आहेत, त्यांच्यासाठीं मराठीनें दोन स्वतंत्र शब्द जपून ठेवले आहेत, आणि या दोन शब्दांसाठींच आम्ही लेखणी उचलली आहे. एक वानर, दुसरें माकड. वानर काळ्या तोंडाचा, काळ्या हातापायांचा, करड्या अंगाचा, अंगापेक्षां लांब शेपटीचा. पाला हें त्याचें मुख्य अन्न, आणि तो पचविण्यासाठीं त्याच्या पोटांत कप्पे असतात. कळपाच्या नराला आपले लोक 'हुप्प्या' म्हणतात, तें त्याच्या हुंकारावरून. माकड तांबड्या तोंडाचें, बसक्या अंगाचें, आंखूड शेपटीचें. मिळेल तें खाणारें, आणि घाईंत मिळालेलें गालांच्या पिशव्यांत भरून ठेवणारें. गोदावरीच्या दक्षिणेस या माकडाऐवजीं डोक्यावर टोपीसारखे केस असलेली दुसरी जात भेटते; पण मराठीच्या दृष्टीनें तेंही माकडच, आणि तें योग्यच आहे, कारण दोघांचें कूळ एक आहे. वानराचें कूळ निराळें. प्राणिशास्त्राला जो भेद मान्य आहे, तोच आमच्या अशिक्षित म्हणविल्या जाणाऱ्या पूर्वजांनीं केवळ डोळ्यांनीं पाहून भाषेंत नोंदवून ठेवला.

लंका जाळतांना वानराचें तोंड आणि हात काळे झाले, अशी कथा आपल्याकडे सांगतात. ती इतिहास म्हणून कोणी सांगत नाहीं. पण ती रचणाऱ्यानें प्राणी नीट पाहिला होता, याबद्दल शंका नाहीं. आजचा सुशिक्षित मनुष्य ती कथा हंसण्यावारी नेतो, आणि वानराच्या चित्राखालीं बेधडक 'माकड' असें छापतो. दोघांत डोळस कोण, तें वाचकांनींच ठरवावें.

गोंदियासारख्या सरहद्दीवरच्या मुलुखांत या घोटाळ्याला आणखी एक पदर आहे. हिंदींतला 'बंदर' हा शब्द संस्कृत 'वानर'पासूनच निघाला आहे. परंतु हिंदी बोलणारा 'बंदर' म्हणतो तो प्रामुख्यानें तांबड्या तोंडाच्या माकडाला. काळ्या तोंडाच्या वानराला तो 'लंगूर' म्हणतो, आणि तो शब्द शेपटीवाचक 'लांगूल'वरून आला आहे. म्हणजे एकाच 'वानर' शब्दाचे दोन वारस: मराठींतला काळ्या तोंडाचा, हिंदींतला तांबड्या तोंडाचा. व्युत्पत्तीवर विसंबून जो 'बंदर'चें भाषांतर 'वानर' असें करील, तो व्याकरणानें कितीही शुद्ध असला तरी भलत्याच जनावराचें नांव घेईल. आणि जो 'बंदर' शब्द तसाच मराठींत ठेवील, त्याच्या वाचकाला प्रथम गलबतें दिसतील; कारण मराठी माणसाचें बंदर समुद्रकांठीं असतें. सरहद्दीवरच्या खेडुताची दोन भाषांत सहज ये-जा असते, त्याला आम्ही नांवें ठेवीत नाहीं. आमचा रोख त्या लेखकांवर व भाषांतरकारांवर आहे, जे शहरांत बसून हिंदी किंवा इंग्रजी मजकुरावरून मराठी करतात आणि खिडकीबाहेर मान काढून पाहत नाहींत.

कोणी म्हणेल, हीं गांवठी नांवें कशाला? शास्त्रीय नांवें घ्यावीं, म्हणजे वादच मिटला. शास्त्रीय नांवांची आवश्यकता आम्हांस मान्य आहे. त्यांच्यांत ज्ञान भरलेलें असतें, हा मात्र भ्रम आहे. आमच्या वानराचें शास्त्रीय नांव 'एंटेलस'. व्हर्जिल कवीच्या महाकाव्यांतल्या एका वृद्ध मुष्टियोद्ध्याचें नांव १७९७ सालीं एका फ्रेंच पंडितानें त्याला दिलें. तांबड्या तोंडाच्या माकडाला 'ऱ्हीसस' म्हणतात. होमरच्या काव्यांत तो थ्रेस देशचा राजा आहे, आणि नांव ठेवणाऱ्या ओदबेर या फ्रेंच चित्रकारानेंच सांगून ठेवलें आहे कीं, या नांवाला कांहीं अर्थ नाहीं. आपल्या रक्तगटापुढें 'पॉझिटिव्ह' किंवा 'निगेटिव्ह' लिहितात, त्या 'आर्‌एच्' खुणेंत याच माकडाचें नांव आहे. लँडस्टायनर आणि वीनर यांनीं १९४० सालीं त्याच्या रक्तावरून तो शोध लावला. खूण म्हणून हीं नांवें उत्तम. पण 'हुप्प्या' या एका शब्दांत जेवढी रानाची माहिती आहे, तेवढी 'एंटेलस'मध्यें नाहीं.

याच गोंदियांत, नवेगांवबांधच्या तळ्याकांठीं, वनाधिकारी म्हणून वर्षानुवर्षें राहिलेल्या मारुती चितमपल्ली यांनीं काय केलें, तें आठवावें. कोशकार होण्यासाठीं त्यांनीं प्रथम कोश उघडले नाहींत. रान पाहिलें, आणि रानांत राहणाऱ्यांच्या तोंडून पांखरांचीं, झाडांचीं, जनावरांचीं नांवें ऐकून टिपून घेतलीं. त्यांचा 'पक्षिकोश' त्या श्रवणाचें फळ होय. २०२५ सालीं त्यांचें देहावसान झालें. त्यांच्यावर मृत्युलेख पुष्कळ आले. त्यांची पद्धत पुढें चालविणारे किती निघाले? गोंडी, पोवारी या बोलींत याच प्राण्यांना काय म्हणतात, कोणत्या वयाच्या, कोणत्या रागरंगाच्या जनावराला निराळा शब्द आहे काय, हें विचारून लिहून घेण्यासाठीं संस्कृतचें पांडित्य लागत नाहीं. दुपारभर एखाद्या म्हाताऱ्याशेजारीं बसण्याची तयारी लागते. तुपी लोकांचा शब्द इंग्रजांनीं टाकला म्हणून आपण हळहळतों. आपल्याच जिल्ह्यांतल्या गोंडांचा शब्द आपण विचारलाही नाहीं, हें आपल्या गांवीं नाहीं.

हा सारा वाद रिकामटेकड्यांचा आहे, शब्दानें कोणाचें पोट भरतें किंवा जीव जातो थोडाच, असा शेवटचा आक्षेप येईल. उत्तर असें, कीं जातो. बुटक्या मार्मोसेटला बाजारांत 'बोटावरचें माकड' असें लाडिक इंग्रजी नांव आहे. ज्यानें कोणी तें योजिलें, त्याला प्राण्याचें शिक्षण मुळींच नसेल, पण गिऱ्हाइकाचें पुरतें होतें. नांव ऐकतांच तें खेळणें वाटतें. आणि खेळणें वाटलें कीं तें घरीं आणावेंसें वाटतें. २०१९ सालीं कलकत्त्यांत सक्तवसुली संचालनालयानें तीन चिंपांझी आणि चार मार्मोसेट जप्त केले. सातांची मिळून किंमत ८१ लाख रुपये धरली होती, त्यांपैकीं प्रत्येक मार्मोसेटची दीड लाख. इतकी रक्कम मोजणारा गिऱ्हाईक अडाणी नसतो. तो तुमच्या-आमच्याच थरांतला, मुलांच्या वाढदिवसाला कांहीं तरी अपूर्व द्यावें असें म्हणणारा गृहस्थ असतो. त्याला कोणी सांगितलेलें नसतें कीं, हा जीव कुटुंबावांचून राहूं शकत नाहीं. पुरेसें ऊन आणि डी-३ जीवनसत्त्व न मिळाल्यास त्याचीं हाडें पिचतात. साल कोरून डिंक चाटणें हा ज्याचा दिनक्रम, त्याला केळ्याच्या फोडींवर जगविणें म्हणजे सावकाश मारणें होय. २०२२ च्या दुरुस्तीनें वन्यजीव कायद्यांत अशा परदेशी प्राण्यांसाठीं निराळें प्रकरण घातलें, त्यांची नोंद सक्तीची केली. परंतु कायद्याला नोंद हवी ती जातीच्या नांवाची; 'चिमुकलें परदेशी माकड' एवढ्यावर कोणाची नोंद होणार?

तीच गोष्ट घरच्या प्राण्यांची. तुरीच्या किंवा भाजीच्या शेतांत शिरलेला कळप वानरांचा कीं माकडांचा, यावर उपाय बदलतो. पाला खाणारा आणि झाडावर राहणारा कळप निराळ्या रीतीनें आवरावा लागतो, मिळेल तें लुटणारा आणि जमिनीवर धीट असलेला निराळ्या. पंचनाम्यांत एक शब्द चुकला तर पुढचा सगळा कागद चुकतो. आणि रस्त्याच्या कडेला मोटार थांबवून 'मारुतिराया' म्हणत तांबड्या तोंडाच्या माकडाला बिस्किटें चारणारे जे भाविक असतात, त्यांना आपण कोणाला काय चारतों याचा पत्ता नसतो. त्यांच्या त्या दानानें तें माकड रान सोडून सडकेवर येतें, आणि सडकेवर चाकाखालीं जातें. वानर आणि माकड यांतला भेद मुलांना तिसरी-चौथींतच कळला, तर यांतले पुष्कळ अनर्थ टळतील.

म्हणून आमचें म्हणणें थोडक्यांत असें. वानराला वानर म्हणावें आणि माकडाला माकड. पाठ्यपुस्तकांत, वर्तमानपत्रांत, चित्रांच्या खालीं, सर्वत्र. मार्मोसेटला मार्मोसेटच म्हणावें. 'लघुमर्कट' असा कोणी प्रतिशब्द सुचविल्यास तो परत करावा. त्यांत नवी माहिती कांहीं नाहीं आणि जुनी चूक मात्र मागच्या दारानें आंत येते. परका शब्द परका म्हणून घरांत घेण्यानें मराठीला कमीपणा येत नाहीं. मेज, पेन्सिल आणि बटाटा यांनीं ती बाटली नाहीं. व्युत्पत्ति सांगावयाची तर काळ, वाट आणि उच्चार या तिन्हींचा पुरावा देऊन सांगावी. नसेल तर गप्प बसावें. आणि संशोधनाची खाज फारच असेल, तर गोंदियाची गाडी पकडून सालेकशाच्या रानांत जावें आणि तेथल्या माणसांना विचारावें.

या प्राण्याविषयीं अलीकडे कळलेली एक गोष्ट येथें सांगण्याजोगी आहे. जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठांतील संशोधकांनीं दहा मार्मोसेटांचे आवाज टिपून २०२४ सालीं असें प्रसिद्ध केलें कीं, हे प्राणी एकमेकांना हांका मारतांना प्रत्येकासाठीं निराळी हांक वापरतात. आपल्याला उद्देशून आलेली हांक कोणती, तें ज्याचें त्याला कळतें. आणि एका कुटुंबांतलीं माणसें, म्हणजे माकडें, एकाला सारख्याच हांकेनें बोलावितात. ज्याला युरोपानें पुटपुट्या म्हटलें आणि आपण मर्कट ठरविलें, तो आपल्या आप्तांना त्यांच्या त्यांच्या नांवानें ओळखतो. आपल्या कौलांवर बसलेला वानर आहे कीं माकड, एवढें तरी आपण वर मान करून पाहूं या.